मूड येण्याची वाट न पाहता: आळसावर जपानी सवयींचा उतारा

भोसरीच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं काम केलं. गाड्यांचे सुटे भाग बनायचे आणि मोठं गिऱ्हाईक जपानी होतं, त्यामुळे दर महिन्याला 'फाइव्ह एस'चं, म्हणजे कामाची जागा नीट लावून ठेवायच्या जपानी पद्धतीचं, ऑडिट ठरलेलं. आमच्या लाइनची जबाबदारी माझ्याकडे होती. पाना त्याच्या जागेवर, हातमोजे त्यांच्या खणात, झाडूसुद्धा भिंतीवर रंगवलेल्या त्याच्याच आकृतीवर टांगलेला. शिफ्ट संपायच्या आधी दहा मिनिटं मशीन पुसायचं म्हणजे पुसायचं. ते मी कधी चुकवलं नाही. घरी मात्र टेबलावर विजेची बिलं, औषधांची रिकामी पाकिटं, मुलाच्या शाळेचा अर्धवट भरलेला फॉर्म असा ढीग महिनोन्‌महिने पडलेला असे. कामावरून आल्यावर सोफ्यावर अंग टाकलं की जेवायची हाक येईपर्यंत उठवत नसे.

मी आळशी आहे असं बरीच वर्षं मी धरून चाललो होतो. पण मग कारखान्यातला तो माणूस कोण होता? हात तेच, थकवाही तोच. फरक एकच सापडला. कारखान्यात "आज मशीन पुसावंसं वाटतंय का?" हा प्रश्न कुणी मला विचारत नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारत नव्हतो. घरी मात्र प्रत्येक काम मनाच्या परवानगीवर अडून बसलेलं होतं.

त्यानंतर मी जपानी सवयींबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि एकेक करून घरात आणत गेलो. काही टिकल्या, काही सुटल्या. ज्या टिकल्या त्या सगळ्यांत एक समान गोष्ट दिसली: त्या मनाला विचारतच नाहीत. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत ज्या क्रमाने त्या मला उपयोगी पडल्या. सगळ्या एकदम सुरू करू नका. एका पायरीला निदान एक आठवडा द्या.

आधी तपासा, हा आळसच आहे ना

झोप पुरेशी होऊनही अंग जड राहतं, जिना चढताना धाप लागते, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरलेला नाही, असं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ या साध्या रक्ततपासण्यांतून बरंच काही कळतं. नैराश्यही बाहेरून अगदी आळसासारखं दिसतं. "हल्ली हिला कामाचा कंटाळा येतो" असं घरचे म्हणत राहतात आणि तपासल्यावर त्या बाईच्या अंगात रक्तच नाही असं निघतं, हे मी जवळून पाहिलं आहे. दुखणं असेल तर सवयी लावून ते जात नाही, उलट लपून राहतं.

दुसरी गोष्ट जपानबद्दल. जपानी माणूस म्हणजे न थकणारं यंत्र, ही आपल्याकडची समजूत सोडून द्या. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी 'कारोशी' असा वेगळा शब्द त्याच देशाला घडवावा लागला, आणि तो टाळण्यासाठी २०१४ साली तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यांच्याकडून कामाचे तास घ्यायचे नाहीत. काम सुरू कसं करायचं आणि रोज तेच पुन्हा कसं करायचं, एवढंच घ्यायचं आहे.

पायरी १: मनाला आहे तसं राहू द्या

शोमा मोरिता (१८७४–१९३८) हे जपानमधले मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी त्यांना स्वतःलाच छातीत धडधड आणि भीतीचा त्रास होता. पुढे १९२० च्या सुमारास त्यांनी उपचाराची जी पद्धत बसवली ती आज 'मोरिता उपचार' म्हणून ओळखली जाते. तिची सुरुवात ऐकून आळशी माणसाला आनंदच होईल: रुग्णाने जवळजवळ आठवडाभर नुसतं पडून राहायचं. वाचायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, मन रमवायला काहीही नाही. मनात येईल ते येऊ द्यायचं. काही दिवसांनी माणूस पडून राहण्यालाच कंटाळतो आणि काहीतरी करावं अशी ओढ आपोआप जागी होते. मग बागेतली हलकी कामं, त्यानंतर जरा मेहनतीची, आणि शेवटी नेहमीचं आयुष्य. रुग्णाने रोज डायरी लिहायची आणि डॉक्टरांनी त्यावर शेरे लिहायचे.

या पद्धतीच्या मुळाशी 'अरुगामामा' हा शब्द आहे. अर्थ: जसं आहे तसं. मनात भीती असेल तर असू दे, कंटाळा असेल तर असू दे. ती घालवायच्या मागे लागायचं नाही. भावना पावसासारखी येते आणि जाते. पाऊस थांबवणं आपल्या हातात नसलं तरी छत्री घेऊन बाहेर पडणं असतं. मोरितांनी हे चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांसाठी योजलं होतं, आळसासाठी नाही. तरीही आळसाच्या बाबतीत माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे. कारण आपण काम टाळतो तेव्हा दोन ओझी वाहतो: एक कामाचं आणि दुसरं 'मला उत्साह का येत नाही' या विचाराचं. दुसरं ओझं खाली ठेवलं की पहिलं पेलवतं.

करायचं असं. शंभर पानी साधी वही घ्या. रोज एक पान. मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला मनात काय होतं ते लिहायचं, उजव्या बाजूला हातांनी काय केलं ते. उदाहरणार्थ, डावीकडे "भयंकर कंटाळा, पाय दुखतायत, उद्या करू असं वाटलं" आणि उजवीकडे "गॅस भरला, मेसेजला उत्तर दिलं". डावीकडे खोटं लिहायचं नाही, आणि स्वतःला शिव्याही द्यायच्या नाहीत. उजवीकडे फक्त झालेली कामं, राहिलेली नाहीत. आठवड्याने दोन्ही बाजू सलग वाचा. डावी बाजू रोज साधारण सारखीच असते आणि तरीही उजवीकडे काही ना काही झालेलं असतं. मन राजी नसताना हात चालतात, याचा तुमच्याच अक्षरातला पुरावा तुमच्यासमोर येतो. व्याख्यानांनी जे पटत नाही ते या वहीने मला पटलं.

हीच गोष्ट जपानच्या झेन परंपरेत कितीतरी आधी सांगून ठेवली आहे. दोगेन नावाचा तरुण भिक्षू १२२३ साली शिकण्यासाठी चीनला गेला. तिथल्या मठात एका रणरणत्या दुपारी त्याला म्हातारा आचारी दिसला. पाठ वाकलेली, हातात काठी, डोक्यावर टोपी नाही, आणि तापलेल्या फरशीवर तो अळंबी वाळत घालत होता. दोगेनने विचारलं, हे काम मदतनिसांना का सांगत नाही? आचारी म्हणाला, ते म्हणजे मी नव्हे. दोगेन म्हणाला, खरं आहे, पण एवढ्या उन्हात कशाला? त्यावर म्हातारा म्हणाला, मग कोणत्या वेळेची वाट पाहू? दोगेनला पुढे बोलवेना. जपानला परतल्यावर १२३७ साली त्याने मठाच्या आचाऱ्यासाठी नियम लिहिले, त्यात हा प्रसंग आवर्जून घातला. मला त्यात एक साधी व्यावहारिक गोष्टही दिसते: अळंबी उन्हातच वाळतात. कामाची वेळ काम ठरवतं, आपला मूड ठरवत नाही.

पायरी २: एकच काम, तेही नखाएवढं

'आळस घालवणारं प्राचीन जपानी एक मिनिटाचं तंत्र' असं काहीतरी तुम्ही वाचलं असेल आणि त्याला 'काइझेन' म्हटलेलं असेल. काइझेन प्राचीन नाही. 'काइ' म्हणजे बदल, 'झेन' म्हणजे चांगलं. शब्द जुना असला तरी ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी कारखान्यांत घडली, आणि तिच्यात अमेरिकेतून आलेल्या प्रशिक्षणाचाही वाटा आहे. पैसा नव्हता, नवी यंत्रं घेता येत नव्हती, म्हणून आहे त्यातच रोज थोडी सुधारणा. टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत सुरू केली ती १९५१ मध्ये. म्हणजे काइझेनचा जन्म गरजेतून झाला, आणि म्हणूनच ती टिकली.

लहान सुरुवातीचं खरं जुनं उदाहरण पाहायचं तर निनोमिया सोन्तोकुचं पाहा. पाठीवर सरपणाची मोळी आणि हातात उघडं पुस्तक अशा मुलाचा पुतळा जपानमधल्या अनेक जुन्या शाळांच्या आवारात दिसतो, तो हाच. जन्म १७८७, ओदावाराजवळच्या खेड्यात. पुराने घरची शेती वाहून गेली, आईवडील लवकर गेले आणि मुलगा काकाकडे राहायला आला. रात्री दिव्याचं तेल जाळून वाचतो म्हणून काका रागावला, तेव्हा याने पडीक जागेत मोहरीसारख्या तेलबियांचं मूठभर बी पेरलं आणि आलेल्या पिकाच्या बदल्यात स्वतःचं तेल मिळवलं. लावणीनंतर लोकांनी टाकून दिलेली भाताची रोपं त्याने पाणी साचलेल्या निकामी तुकड्यात खोचली आणि त्यातून पोतंभर भात काढला. पुढे याच माणसाने कर्जात बुडालेली शेकडो गावं सावरायला मदत केली. 'लहान साचवून मोठं करणं' हे त्याचं सूत्र जपानीत म्हणीसारखं वापरतात. आपण ज्याला 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतो तेच. फरक इतकाच की त्याने तळ्याकडे न पाहता रोपं मोजली.

आता तुमचं काम निवडा. एकच. वर्षानुवर्षं खुपत असलेलं सगळ्यात मोठं काम आत्ता नको. रोज करता येईल असं मधलं घ्या. मग ते इतकं कापा की ताप आला असेल त्या दिवशीही होईल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा असेल तर पुस्तक उघडून एक परिच्छेद मोठ्याने वाचणं. चालायला जायचं असेल तर बूट घालून इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणं. गाण्याचा रियाज असेल तर तानपुरा लावून फक्त सा. रात्रीची भांडी असतील तर फक्त पेले. कागदपत्रं असतील तर ढिगातला सगळ्यात वरचा एक कागद.

इथे बहुतेक जण एक चूक करतात आणि मीही केली. चार दिवस जमलं की पाचव्या दिवशी उत्साहात एक परिच्छेदाचं एक प्रकरण करायचं. कारखान्यात असं चालत नाही. सुधारणा केली की आधी ती पद्धत सगळ्यांच्या हातात बसू देतात, मगच पुढची सुधारणा. म्हणून तीन आठवडे माप वाढवायचं नाही. एखाद्या दिवशी एक परिच्छेद वाचून झाल्यावर पुढे वाचावंसं वाटलं तर खुशाल वाचा, पण दुसऱ्या दिवशीचं माप तेच: एक परिच्छेद. माप वाढवलं की मन पुन्हा सौदा करायला बसतं, आणि सौद्यात ते नेहमी जिंकतं.

पायरी ३: एका टेबलापुरता फाइव्ह एस

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथे काम केलेल्या कुणालाही फाइव्ह एस समजावून सांगायची गरज नाही. पण घरी तो कुणी वापरत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच जपानी शब्द. आळसाशी याचा संबंध काय? काम सुरू करण्यापूर्वी शोधाशोध करावी लागली की आळसाला आयतं निमित्त मिळतं. पेन सापडत नाही, चार्जर सापडत नाही, तोवर फोन हातात येतो आणि अर्धा तास गेलेला असतो. जागा अशी लावायची की सुरुवात करायला काहीच अडणार नाही.

संपूर्ण घर घेऊ नका. पायरी २ मधलं काम जिथे होतं तेवढीच जागा घ्या: एक टेबल, एक कपाटाचा खण, स्वयंपाकाचा ओटा.

सेइरी म्हणजे नको ते काढणं. कारखान्यात संशयाच्या वस्तूंना लाल टॅग लावतात. घरी लाल कागदाचे तुकडे पुरतात. टेबलावरची जी वस्तू गेल्या महिन्यात वापरली नाही तिला आजची तारीख लिहून लाल कागद चिकटवा आणि सगळ्या एका खोक्यात टाका. खोकं पलंगाखाली. तीस दिवसांत ज्या वस्तूसाठी खोकं उघडावं लागलं ती परत टेबलावर येते. उरलेलं द्यायचं, विकायचं किंवा टाकायचं. टॅगचा फायदा असा की 'लागेल कधीतरी' या विचाराशी आज भांडावं लागत नाही. निर्णय तारखेवर सोपवलेला असतो. आईवडिलांच्या आठवणीच्या वस्तूंना मात्र टॅग लावू नका. त्या या हिशेबात येत नाहीत.

सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूला तिची जागा. आमच्याकडे पाट्यांवर अवजारांच्या आकृत्या रंगवलेल्या असायच्या, त्यामुळे पाना नसला की रिकामी आकृतीच ओरडायची. मी टेबलाच्या खणात पुठ्ठा घालून त्यावर पेन्सिलीने स्टेपलर, कात्री, चष्मा यांच्या आकृत्या काढल्या. मुलाला आधी गंमत वाटली, पण कात्री जागेवर ठेवायला सगळ्यात आधी तोच शिकला. रोजच्या कामाची वस्तू हात लांब केला की मिळाली पाहिजे, आणि फोनची जागा मुद्दाम उठून जावं लागेल अशी ठेवा. माझा फोन संध्याकाळी सात ते आठ देवघराच्या शेजारच्या फळीवर असतो.

सेइसो म्हणजे सफाई. जपानमधल्या बहुतेक शाळांत मुलं रोज ठरलेल्या वेळी स्वतःचा वर्ग, जिने, कित्येकदा संडासही साफ करतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं आणि पुष्कळ शाळांत तेवढा वेळ संगीत लावलेलं असतं. संगीत सुरू झालं की फडकी बाहेर, थांबलं की फडकी जागेवर. हे घरी आणणं सगळ्यात सोपं. एक गाणं ठरवा, रोज तेच. गाणं चालू असेपर्यंत पुसायचं, संपलं की हातातलं काम अर्धवट असलं तरी थांबायचं. थांबणं महत्त्वाचं आहे. शेवट कुठे आहे हे माहीत असलं की सुरुवात जड वाटत नाही.

सेइकेत्सु म्हणजे नीटपणाचं एकच माप ठरवणं. त्यासाठी टेबल नीट लागल्यावर त्याचा फोटो काढून, छापून, तिथेच भिंतीला लावा. 'आवरलेलं' म्हणजे काय यावर रोज घरात वाद होत नाही, फोटोसारखं दिसलं की झालं. शित्सुके म्हणजे अंगवळण. त्याबद्दल वेगळं काही करायचं नसतं. आधीच्या चार गोष्टी चालू राहिल्या की ते येतं.

आणखी एक छोटी सवय इथेच सांगतो, कारण ती फुकट आहे आणि पहिल्या दिवसापासून जमते. जपानी झेन मंदिरांच्या दाराशी बरेचदा 'क्याक्का शोको' अशी पाटी असते. शब्दशः अर्थ: पायाखाली पाहा. व्यवहारात त्याचा अर्थ चपला नीट जोडून ठेवा असा होतो, तोंड बाहेरच्या दिशेला करून. घरात शिरल्यावर वाकून चपला जोडायच्या. पाच सेकंद. बाहेरचा दिवस संपला आणि आता घरातलं काम सुरू, ही खूण शरीराला मिळते. मी सोफ्यावर कोसळणं थांबवलं ते या पाच सेकंदांनी.

पायरी ४: साडेसहा म्हणजे साडेसहा

'राजिओ ताइसो' म्हणजे रेडिओवरची कवायत. जपानमध्ये ती १९२८ साली सुरू झाली. मूळ कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या रेडिओ व्यायामावरून घेतलेली होती. युद्धानंतर काही काळ बंद पडली आणि १९५१ मध्ये आजच्या रूपात परत आली. पियानोच्या साथीवर तेरा हालचाली, तीन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ. सकाळी साडेसहाला रेडिओवर लागते आणि बागांमध्ये म्हातारी माणसं त्यावर हात हलवताना दिसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलं गळ्यात दोरीने अडकवलेलं कार्ड घेऊन येतात आणि हजेरीचा शिक्का मारून घेतात.

तिची ताकद व्यायामात फारशी नाही, हालचाली अगदी साध्या आहेत. ताकद वेळेत आहे. साडेसहाची वेळ तुम्ही ठरवलेली नसते, म्हणून ती तुम्ही पुढे ढकलू शकत नाही. कार्यक्रम तुमच्यासाठी थांबत नाही. गजर आपण बंद करू शकतो, रेडिओवर सुरू झालेली कवायत नाही.

आपल्याकडे याची जुळणी करायची तर तुमच्या सकाळीत आधीच पक्की असलेली एखादी बाहेरची वेळ शोधा: दूधवाला येतो ती, नळाला पाणी येतं ती, आकाशवाणीवरच्या बातम्या लागतात ती, शेजारच्या शाळेची घंटा होते ती. तिच्याशी तीन मिनिटांची हालचाल बांधा. राजिओ ताइसोचे व्हिडिओ इंटरनेटवर सहज मिळतात. भाषा येण्याची गरज नाही, 'इची, नी, सान, शी' एवढी मोजणी दोन दिवसांत कळते. सूर्यनमस्कार येत असतील तर तीन सूर्यनमस्कार घाला, तेही चालेल. जमल्यास एक माणूस सोबत घ्या. सोसायटीच्या गच्चीवर आम्ही दोघांनी सुरू केलं, आता पाच जण असतो. आमच्यातल्या वयाने सगळ्यात मोठ्या काकूंनी शिक्क्यांची कार्डं बनवली आहेत आणि सत्तरीतली माणसंही शिक्का चुकला की हळहळतात. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर खुर्चीवर बसून करा. जपानमध्येही बसून करण्याचा प्रकार आहे.

पायरी ५: बोट दाखवा आणि मोठ्याने बोला

जपानमधल्या रेल्वेचा मोटरमन पांढरे हातमोजे घालून सिग्नलकडे बोट दाखवतो आणि सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारतो. गाडीत दुसरं कुणी नसलं तरी. याला 'शिसा कांको' म्हणतात. तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने १९९४ साली एक प्रयोग केला: साध्या कामात बोट न दाखवता आणि न बोलता १०० कृतींमागे २.३८ चुका झाल्या, आणि दोन्ही केल्यावर ०.३८. हा प्रयोग चुकांबद्दलचा आहे, आळसाबद्दल नाही, हे स्पष्ट सांगतो. पण आळस बराचसा धूसरपणातून येतो असा माझा अनुभव आहे. 'घर आवरायचंय' हे धुकं आहे. 'हा टॉवेल दोरीवर' हे काम आहे.

म्हणून काम सुरू करण्याच्या क्षणी त्या वस्तूकडे खरोखर बोट दाखवायचं आणि क्रियापदासकट बोलायचं: "हे पुस्तक उघडतो." "हा पेला धुतो." "फोन फळीवर ठेवला." आवाज खरा हवा, मनातल्या मनात नको. पहिले काही दिवस घरच्यांसमोर अवघडल्यासारखं होतं. त्यांना आधीच सांगून टाका म्हणजे प्रश्न मिटतो. बोलल्यानंतर तीन-चार सेकंदांत हात त्या वस्तूला लागला पाहिजे. जास्त वेळ गेला की मन मध्ये पडतं. गॅस, गीझर, कुलूप यांच्यासाठीही ही सवय लावा. बाहेर पडल्यावर 'गॅस बंद केला का' म्हणून परत फिरणं माझं पूर्ण थांबलं.

जेवण आणि इकिगाई, थोडक्यात

दुपारी तीनचा आळस बहुतेकदा ताटात सुरू होतो. ओकिनावाच्या लोकांमध्ये 'हारा हाची बु' असं म्हणतात, म्हणजे पोट दहातलं आठ भाग भरेल इतकंच. जेवणात असा संयम ठेवण्याचा सल्ला काइबारा एक्केन या विद्वानाने १७१३ साली, वयाच्या ऐंशीनंतर लिहिलेल्या आरोग्याच्या ग्रंथातही आहे. मोजायला सोपं म्हणून: तुम्हाला चार पोळ्या लागत असतील तर तिसरीनंतर दहा मिनिटं थांबा आणि ताक प्या. तरीही भूक असेल तर चौथी घ्या. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं. सणावारी हा नियम मी पाळत नाही.

इकिगाई म्हणजे जगण्याचं कारण. त्याची चार वर्तुळांची आकृती तुम्ही पाहिली असेल: आवड, कौशल्य, जगाची गरज, पैसा. ती आकृती जपानी नाही. ती मुळात एका स्पॅनिश माणसाने 'जीवनाचा हेतू' म्हणून काढली होती आणि २०१४ मध्ये दुसऱ्याच कुणीतरी तिच्या मधोमध इकिगाई हा शब्द टाकला. जपानमध्ये या विषयावर गंभीरपणे लिहिलं ते मनोविकारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी, १९६६ साली, कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम करताना आलेल्या अनुभवांतून. त्या अर्थाने इकिगाई म्हणजे करिअर नव्हे. सकाळचा चहा, नातवंडाची हाक, कुंडीतल्या रोपाला फुटलेली कळी, ज्याच्यासाठी आज उठावंसं वाटतं ते काहीही. आयुष्याचा हेतू सापडला की आळस जाईल अशी वाट पाहत बसलेली तरुण मुलं मला भेटतात, तेव्हा त्यांना मी कळकळीने सांगतो की ती वर्तुळं मिटवा आणि कुंडीला पाणी घाला. हेतू काम करता करता सापडतो. बसून शोधला तर हेतू शोधणं हाच टाळाटाळीचा नवा प्रकार होतो.

पायरी ६: चौथा दिवस

तीन दिवसांत व्रत सोडणाऱ्याला जपानीत 'मिक्का बोझु' म्हणतात, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू. त्यांच्या भाषेत यासाठी खास शब्द आहे म्हणजे हे त्यांचंही नेहमीचं दुखणं आहे, हे लक्षात आल्यावर मला फार धीर आला. सवय मोडणार आहे हे गृहीत धरा आणि मोडल्यावर काय करायचं ते आजच ठरवून ठेवा.

माझा नियम असा. एक दिवस चुकला तर वहीत उजवी बाजू रिकामी ठेवायची, भरपाई करायची नाही. दोन परिच्छेद वाचून कालची उधारी फेडायला गेलं की काम पुन्हा मोठं होतं. सलग तीन दिवस चुकले तर माप अर्ध्यावर आणायचं: परिच्छेदाऐवजी एक वाक्य. आणि नव्याने सुरू करायला सोमवार, एक तारीख, पाडवा यांची वाट पाहायची नाही. जपानीत म्हण आहे की मनात आलं तो दिवसच शुभ. मुहूर्त पाहून लग्न करा, टेबल पुसायला मुहूर्त नको.

डोळ्यांसमोर खूण हवी असेल तर दारुमा बाहुली उपयोगी पडते. गुन्मा प्रांतातलं ताकासाकी हे शहर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. गोल, लाल, तळाला जड, त्यामुळे ढकललं तरी पुन्हा उभी राहते. विकत घेताना दोन्ही डोळे कोरे असतात. काम मनाशी धरताना एक डोळा रंगवायचा, पुरं झाल्यावर दुसरा. बाहुली मिळाली नाही तर जाड कागदावर एका डोळ्याचा चेहरा काढून फ्रिजवर लावा. पहिल्या वेळी लक्ष्य 'परीक्षा पास' किंवा 'दहा किलो वजन कमी' असं ठेवू नका. 'वहीची तीस पानं' असं ठेवा, सलग नसली तरी चालतील.

गेल्या मार्चमध्ये माझ्या वहीत ओळीने अकरा पानांची उजवी बाजू रिकामी आहे. घरात आजारपण होतं, दवाखान्याच्या फेऱ्या होत्या. बाराव्या पानावर डावीकडे लिहिलंय, "काहीच करावंसं वाटत नाही." उजवीकडे, "चपला जोडल्या. टेबल अर्धं पुसलं, गाणं संपलं."